घरासाठी एलिप्टिकल क्रॉस ट्रेनर घ्यायचा आहे, गुडघेदुखी आहे, कोणता घ्यावा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

घरी क्रॉस ट्रेनर (उभं राहून दोन पेडलवर चालायचं ते मशीन) घ्यायचं नक्की झालंय, पण दुकानात गेल्यावर डोकं चालेनासं होतं. म्हणून इथे विचारते आहे. माहिती सविस्तर देते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

वय ४७, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. उजवा गुडघा गेल्या वर्षापासून त्रास देतोय. सपाटीवर चालताना फारसं काही वाटत नाही, जिना चढता-उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ येते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. झीज सुरुवातीची आहे म्हणाले. धावणं, उड्या आणि उकिडवं बसणं बंद करायला सांगितलं; सायकल किंवा क्रॉस ट्रेनर चालेल, पण व्यायाम सोडू नका, असंही बजावलं. आतापर्यंत इथे नाशिकला कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला जायचे. पावसाळ्यात खंड पडतो, आणि आता कॉलेज सकाळचं झाल्यामुळे ती वेळ हातातून गेली. संध्याकाळी स्वयंपाकाआधीचा अर्धा-पाऊण तास तेवढा माझा आहे.

मशीन नवराही वापरणार. त्याची उंची ५ फूट ११, वजन ९२ किलो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. "मलाही थोडं चढव त्याच्यावर" असं त्यांचं म्हणणं आहे.

जागा म्हणाल तर आतल्या खोलीत खिडकीखाली साधारण ७ फूट बाय ३ फूट मोकळी आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि खालच्या घरात तान्हं बाळ आहे, त्यामुळे आवाजाची मला फार काळजी वाटते. ट्रेडमिल त्याच कारणाने बाद केला. बजेट ४० हजार, अगदीच गरज पडली तर थोडं ताणता येईल.

दुकानदार फ्लायव्हीलचे (आतल्या जड फिरत्या चाकाचे) किलो सांगतात, रेझिस्टन्सच्या (पेडल किती जड जाईल त्याच्या) लेव्हल सांगतात, स्क्रीनवर काय काय दिसतं ते दाखवतात. माझ्या गुडघ्याला यातलं नेमकं काय कामाचं, ते कोणी सांगत नाही. फ्रंट ड्राइव्ह आणि रिअर ड्राइव्ह यांत फरक काय? स्ट्राइड, म्हणजे एका पावलात पेडल पुढे-मागे जातं ते अंतर, किती इंची हवा? आणि आम्हा दोघांच्या उंचीत एवढी तफावत असताना एकच मशीन चालेल का?

खाडीपलीकडे

आमच्याकडे आधी सीट असलेला स्वस्तातला टू-इन-वन होता, पुढे पंख्याचं चाक असलेला. तो प्रकार तुमच्यासाठी अजिबात नको. पंख्याच्या चाकात रेझिस्टन्स हवेचा असतो. जितक्या जोरात पाय मारू तितका तो वाढतो आणि तितकाच आवाजही. खालच्या बाळाची झोपमोड नक्की. शिवाय फ्रेम हलकी, त्यामुळे माझ्या ८० किलो वजनाला ती डावी-उजवीकडे डुलायची. काही महिन्यांत पेडलच्या जोडातले बुश (आतल्या कड्या) झिजले आणि कट-कट सुरू झाली. कंपनीला फोन करून थकलो, सुटे भाग आलेच नाहीत.

मॅग्नेटिक घ्या. त्यात लोहचुंबक फ्लायव्हीलच्या जवळ-दूर होतो, चाकाला टेकत नाही, त्यामुळे घासून आवाज येण्याचा प्रश्न नाही. खाली ८-१० मिलिमीटरची रबरी मॅट घाला. आवाजापेक्षा थरथर खाली जाते आणि ती मॅटने बरीच अडते.

ब्रोशरमधल्या कमाल वजनाकडेही लक्ष द्या. नवऱ्याचं वजन ९२ असेल तर १०० किलोवालं मशीन घेऊ नका, १२० च्या पुढचं बघा.

लेथमशीन

फ्लायव्हीलच्या किलोंबद्दल थोडं सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच घालतात.

फ्लायव्हीलचं काम झटके गिळण्याचं. तुमचा पाय वर्तुळात दोन ठिकाणी जोर लावू शकत नाही. तेवढा वेळ चाक आपल्या गतीने पेडल पुढे नेतं. चाक कमी पडलं की त्या दोन ठिकाणी पेडल अडखळतं आणि तो हिसका थेट गुडघ्यात जातो. म्हणून ४-५ किलोचं चाक तुम्हाला नकोच. पण नुसत्या वजनावरही जाऊ नका. चाकात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पट्ट्याचं गुणोत्तर चांगलं असेल आणि पेडलच्या एका फेऱ्यात चाक जास्त वेळा फिरत असेल, तर ७ किलोचं चाक ९ किलोच्या चाकापेक्षा मऊ चालू शकतं. वजन चाकाच्या कडेला आहे की मधे, यानेही फरक पडतो. ही कुठलीच गोष्ट डब्यावर छापलेली नसते, पायाला मात्र लगेच कळते.

तपासायची रीत साधी आहे. रेझिस्टन्स मधल्या लेव्हलवर ठेवा आणि अगदी सावकाश चालवा, सावकाश म्हणजे खरोखर सावकाश. जोरात चालवलं की प्रत्येक मशीन गुळगुळीत वाटतं, आणि दुकानदार नेमकं तसंच चालवून दाखवतो. सावकाश चालवताना पेडल अडखळलं की पुढच्या मशीनकडे वळा.

स्नायुबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोदाकाठ, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: सपाटीवर त्रास नाही, जिन्यावर कळ येते, आणि ती वाटीच्या मागे.

गुडघा वाकलेल्या अवस्थेत त्यावर वजन आलं की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. जिन्यावर तेच होतं. क्रॉस ट्रेनरमध्ये पाय पेडलवरून उचलला जात नाही, म्हणून धावण्यासारखा आदळ बसत नाही. डॉक्टरांनी तो सुचवला तो यासाठी. पण पेडल ज्या वाटेने फिरतं ती वाट प्रत्येक मशीनची वेगळी. काहींची लांबट आणि चपटी असते, म्हणजे पाय सपाटीवर चालल्यासारखा जातो. काहींची आखूड आणि उभट असते, त्यात गुडघा दर फेऱ्याला जिन्यावर वाकतो तितका वाकतो. अशा मशीनवर आठवडाभरात तुमचा गुडघा बोलायला लागेल, मग फ्लायव्हील कितीही किलोचं असो.

ढोबळ मानाने, चाक मागे असलेल्या रिअर ड्राइव्ह मशीनची वाट चपटी असते, चाक पुढे असलेल्या फ्रंट ड्राइव्हची चढावर चालल्यासारखी. पण घरगुती मशीनमध्ये याला इतके अपवाद आहेत की नावावरून ठरवू नका. शेजारी उभं राहून नवऱ्याला चालवायला सांगा आणि एकाच पेडलकडे बघा. ते जमिनीपासून सगळ्यात वर किती जातं आणि सगळ्यात खाली किती येतं? हा फरक जितका कमी आणि स्ट्राइड जितका लांब, तितकी वाट चपटी. बदलता येणारा चढ असलेलं मॉडेल मिळालं, तर तुम्ही तो सगळ्यात खाली ठेवायचा.

दोन पेडलमधलं अंतरही बघा. ते फार असेल तर पाय फाकून चालावं लागतं आणि ताण खुब्यावर येतो. पेडल एकमेकांच्या जितके जवळ तितकं बरं.

आणि हो, स्क्रीनवरच्या कॅलरी सोडून द्या. त्या बहुधा फुगवलेल्या असतात. हँडलला हात लावून मिळणारे ठोकेही भरवशाचे नसतात, हवेच असतील तर छातीचा पट्टा वेगळा घ्या.

गोदाकाठ

स्नायुबंध, खूप खूप धन्यवाद. डॉक्टरांकडे इतका वेळ मिळाला नव्हता. दोन गोष्टी राहिल्या. ५ फूट २ आणि ५ फूट ११ यांना मिळून स्ट्राइड किती? आणि सासूबाईंचं काय करावं? त्यांना नाही म्हणणं माझ्या जिवावर येतंय.

स्नायुबंध

साधारण ५ फूट ३ पर्यंतच्या माणसाला १४ ते १६ इंच पुरतो, ५ फूट ७ च्या वर १८ ते २० लागतो. या बजेटमध्ये स्ट्राइड ठरलेलाच असतो, कमी-जास्त करता येत नाही. उंच माणसाला आखूड स्ट्राइड दिला तर गुडघे पुढे येऊन तो दुडुदुडु चालतो. बुटक्या माणसाला फार लांब दिला तर कंबर डावी-उजवीकडे हलते. तुमच्या घरासाठी १८ च्या आसपास बघा. नवऱ्याला थोडा कमी वाटेल, पण चालेल. तुम्हाला थोडा लांब, पण वाट चपटी असेल तर गुडघ्याला तो बाधणार नाही. निर्णय तुमच्या पायावर ठेवा, कारण दुखतोय तुमचा गुडघा. दुकानात चालायचे बूट घालून जा आणि किमान १०-१५ मिनिटं चालवल्याशिवाय बोलणी करू नका. चप्पल काढून दोन मिनिटं चढलात तर काहीच कळणार नाही.

सासूबाईंसाठी क्रॉस ट्रेनर नको. हलत्या पेडलवर चढता-उतरताना तोल सांभाळावा लागतो आणि त्या वयात पडणं महागात जातं. शिवाय बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकरनी, व्यायामात ठोके वाढायला हवेत तितके वाढत नाहीत. त्यामुळे ठोक्यांवरून दमणूक मोजता येत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप योग्य. हे तुम्हा सगळ्यांना लागू.

आजोळ

सासूबाईंसाठी पाठ टेकायची सोय असलेली सायकल बघा, रिकम्बंट म्हणतात ती. माझी आई पंचाहत्तरीत ती चालवते. खुर्चीसारखं बसायचं, पाय पुढे. तोल जाण्याची भीती नाही, आणि टीव्हीवर कीर्तन लावून तिचा छान वेळ जातो. जागा नसेल तर नुसती टेबलाखाली ठेवायची छोटी पेडलची जोडी मिळते, खुर्ची भिंतीला टेकवून चालवायची. त्यांना स्वतःचं काहीतरी मिळाल्याचा आनंद होईल. डॉक्टरांना मात्र आधी विचारा.

गोदाकाठ

मंडळी, शनिवारी आम्ही दोघं टेप घेऊन दुकानं फिरलो. लेथमशीन, तुमची सावकाश चालवायची युक्ती फार कामाची निघाली. बाहेरून एकसारखी दिसणारी दोन मशीन, एक अडखळत होतं, दुसरं लोण्यासारखं चाललं.

आता दोन उरली आहेत. पहिलं चाक मागे असलेलं, स्ट्राइड १८ इंच, फ्लायव्हील ७ किलो, रेझिस्टन्स हाताने फिरवायच्या गोल बटणाचा, ८ लेव्हल, कमाल वजन १२० किलो, ३८ हजार. दुसरं चाक पुढे असलेलं, स्ट्राइड १६, फ्लायव्हील ९ किलो, मोटरवर चालणारा रेझिस्टन्स, १६ लेव्हल, तयार प्रोग्रॅम, ब्लूटूथ, ४४ हजार. दुसऱ्यावर चढल्यावर थोड्याच वेळात गुडघ्याच्या वाटीमागे ती ओळखीची कळ आली. पहिल्यावर नाही आली. दुकानदार दुसऱ्याचाच आग्रह करतोय, नवऱ्यालाही प्रोग्रॅम आवडलेत. पहिलंच घेऊ ना?

स्नायुबंध

पहिलंच. गुडघ्याने उत्तर दिलंय.

सुरुवात ५-७ मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. टाच पेडलवर टेकलेली, पाठ सरळ, हँडलवर अंग टाकायचं नाही. रेझिस्टन्स अगदी शून्यावरही ठेवू नका, कारण मग चाकच पायाला ढकलत नेतं आणि गुडघ्यावरचा ताबा सुटतो. उलटं चालवायची घाई नको, त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण वाढतो. पंजे बधिर झाले तर बुटाची नाडी सैल करा आणि पाय पेडलवर किंचित मागे घ्या. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा जास्त दुखला तर वेळ निम्मा करा. आणि डॉक्टरांनी मांडीचे व्यायाम दिले असतील तर ते चालूच ठेवा, मशीन त्यांची जागा घेत नाही.

लेथमशीन

माझंही मत पहिल्यालाच. तारेने चालणारा गोल बटणाचा रेझिस्टन्स बिघडला तरी कुठलाही हुशार मेकॅनिक तार बदलून देईल. मोटर आणि बोर्ड गेला तर कंपनीच्याच माणसाची वाट बघत बसावं लागतं. प्रोग्रॅमचं म्हणाल तर मोबाइलवर टायमर लावून दोन मिनिटं जड, दोन मिनिटं हलकं, हे हाताने करता येतं.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: नाशिकमध्ये सर्व्हिसचा माणूस कोण, जोडणी किमतीत धरली आहे का, आणि वॉरंटीत बेअरिंग, बुश आणि पट्टा येतो का. फ्रेमची वॉरंटी सगळेच मोठी लिहितात, पण फ्रेम मोडत नाही, झिजतात ते हेच भाग. खोका ४०-५० किलोचा असतो, तेव्हा लिफ्टची आणि आतल्या खोलीच्या दाराची रुंदी मोजून ठेवा. छताचंही गणित करा: नवऱ्याची उंची अधिक पेडलची सगळ्यात वरची उंची, वर अर्धा फूट मोकळा. खिडकीवर माळा असेल तर तिथेच डोकं आपटतं.

जोडणी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सगळे नटबोल्ट एकदा आवळा, सोबत येणारा पाना जपून ठेवा. करकर सुरू झाली तर बहुतेक वेळा सैल बोल्टच असतो. खिडकीखाली ठेवताय, तर पावसाची झड आत येणार नाही एवढं बघा आणि व्यायाम झाला की घाम पुसून काढा, मिठाने जोड गंजतात. कोणत्या जोडाला कसलं वंगण ते पुस्तिकेत दिलेलं असतं, खोबरेल किंवा शिलाईमशीनचं तेल घालू नका.

गोदाकाठ

पहिलं ठरलं! दुकानदाराने जोडणी धरून ३६,५०० केले. पट्टा आणि बेअरिंग वॉरंटीत एक वर्ष, बिलावर लिहून देतोय. सासूबाईंना छोटी पेडलची जोडी दाखवली, त्यांनी रंगही निवडला. दाराची रुंदी आज रात्री मोजते. खाडीपलीकडे, रबरी मॅट एकसंध घ्यावी की तुकडे जोडलेली चालेल?

खाडीपलीकडे

एकसंध घ्या. जोडलेले तुकडे मशीनच्या पायाखाली हळूहळू सरकतात आणि मशीन तिरपं होतं. मशीनपेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट मोठी कापून मागा, रबराच्या दुकानात फुटाच्या भावाने मिळते. नवी असताना वास येतो, दोन दिवस गॅलरीत वाळत घाला.