अनुभव धागा : कोऱ्या कॅसेटवर तुमच्या घरी काय भरलं?

विकत आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटवर पुष्कळ बोलून झालंय. हा धागा कोऱ्या कॅसेटचा. टीडीके, सोनी, मॅक्सेल, मेलट्रॅक, 60 मिनिटांची नाहीतर 90 ची. फिलिप्सने 1963 साली ही कॅसेट आणली आणि पुढे साध्या घरांतही आवाज जपून ठेवता यायला लागला. तुमच्याकडे काय भरलं गेलं आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे, ते लिहा. व्हिडिओ कॅसेटही चालतील. सुरुवात मी करते.

माझ्या गाण्याच्या बाई शिकवणीत टेप लावू देत नसत. आधी गळ्यावर चढू दे, मग भरून घे, असं त्यांचं म्हणणं. बंदिश बसली की शेवटी एकदा सलग म्हणून दाखवायच्या, तेवढीच माझ्या टीडीकेवर यायची. वीज गेली की टेप सेलवर. सेल उतरत आले की भरताना फीत हळू फिरते, आणि नंतर नेहमीच्या वेगाने लावल्यावर सूर चढा येतो. बाईंची पट्टी, म्हणजे पेटीवरचा त्यांचा सा, काळी चार, पण यमनच्या एका कॅसेटवर त्या अर्ध्या सुराने वर, पांढरी सहात गातात! परवा संगणकावर वेग उतरवून त्यांना पुन्हा काळी चारवर आणलं. तानपुऱ्याची जवारीसुद्धा होती तशी ऐकू आली. तासभर दुसरं काही सुचलं नाही.

रत्नागिरीहून
वडील मस्कतला होते. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्राऐवजी कॅसेट. गावातलं कुणी तिकडे निघालं की त्याच्या सामानातून जायची. आजी टेपसमोर पाटावर बसून सगळं सांगायची: गाय व्याली, सुपारी वाळत घातली, शेजारच्यांनी गडगा आत सरकवलाय. मध्येच थांबून "ऐकतोयस ना रे?" असं विचारायची आणि खरोखर उत्तराची वाट बघायची. कॅसेटवर ती शांतता तशीच आहे, मागे कोंबड्यांचा आवाज.
वडील उत्तर दुसऱ्या कोऱ्या कॅसेटवर पाठवायचे. आमच्या कॅसेट परत कधी आल्या नाहीत. ते कायमचे घरी आले तेव्हा बॅगेत सगळ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे मोडलेले. वर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून.

सोलापूरहून
आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणायचं. 90 च्या एका बाजूला 45 मिनिटं, म्हणजे नऊ-दहा गाणी. बाजू संपताना गाणं तुटलेलं मला खपायचं नाही. क्रम बदलून, एखादं छोटं गाणं शेवटी घेऊन बसवायचो. 120 ची कॅसेट मागणाऱ्याला नको म्हणायचो. 60 च्या फितीची जाडी साधारण 18 मायक्रॉन, 120 ची त्याच्या निम्मी. गुंतली की गेलीच.
गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं अगदी हलकं ऐकू येतं, ते अनेकांना यंत्राचा दोष वाटायचं. गुंडाळीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, त्यामुळे ते होतं.

नागपूरहून
रेडिओसमोर पॉजवर बोट ठेवून बसणं, निवेदक बोलायच्या आत दाबणं. आज त्या निवेदकांचेच आवाज हवे होते, आणि तेच आम्ही वगळले.

चिपळूणहून
दादाच्या लग्नाची व्हीएचएस, ई-180, तीन तासांची. कपाट उघडलं तर कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली. आमच्याकडची दमट हवा! एका दुकानदाराने न बघताच "टाकून द्या" म्हटलं. दुसऱ्याने कॅसेट उघडून, फीत पुसून, नव्या डबीत घातली आणि जवळजवळ सगळं लग्न परत मिळालं. मांडवात जेवण वाढणारी माणसं त्यात नीट दिसतात. त्यातली निम्मी आता नाहीत.
ज्यांच्याकडे असतील त्यांनी बुरशीची कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. बुरशी नसेल, पण कॅसेट वर्षानुवर्षं पडून असेल, तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, मगच प्ले दाबा. आणि हे यंदाच करा. चालू व्हीसीआर असलेली दुकानं झपाट्याने कमी होताहेत.