वस्तीतील मुलांच्या सुट्टीतील मेळाव्याचे यजमान कोण असावेत?

धागाकर्ता

सणासुदीच्या सुट्टीत गरीब वस्तीतील मुलांसाठी खेळ, खाऊ आणि भेटवस्तूंचा मेळावा भरवावा, बाहेरून स्वयंसेवक यावेत आणि सायंकाळी सर्वांनी समाधानाने घरी परतावे, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की तिच्या मांडणीकडे फारसे कोणी बारकाईने पाहत नाही. माझे म्हणणे असे आहे की या मेळाव्याचे यजमानपद वस्तीतील पालकांकडे असावे आणि स्वयंसेवकांनी त्यांच्या सांगण्यानुसार काम करावे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अनोळखी माणसे मंचावरून भेटी वाटतात, मुले रांगेत ताटकळतात आणि आईवडील कडेला उभे राहून ते पाहत असतात. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन मूल वाढवणाऱ्या आईच्या डोळ्यांदेखत तिच्या मुलाची हौस परक्याने पुरवली, तर त्याचा सल तिला लागतोच. पण तो मुलालाही लागतो, कारण घरातली ओढाताण मुलांना आपण समजतो त्यापेक्षा खूप लवकर कळू लागते.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये दानव्यवहारावर लिहिताना दाखवून दिले होते की भेट स्वीकारणाऱ्यावर परतफेडीचे बंधन येते आणि परतफेड न झाल्यास तो देणाऱ्यापुढे कमी ठरतो. म्हणून भेटवस्तू आधी पालकांपुढे मांडाव्यात, आपल्या मुलाला काय आवडेल हे त्यांनी ठरवावे आणि ती वस्तू त्यांनीच घरी आपल्या हाताने द्यावी.

प्रतिसाद 1

मी या मताशी असहमत आहे. पालकांच्या मानाची काळजी योग्यच आहे, पण या मांडणीत मूल बाजूला पडते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील कलम 31 मुलाला विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि खेळण्याचा हक्क देते. या संहितेच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या बालहक्क समितीने 2013 मध्ये याच कलमावर सविस्तर भाष्य करताना गरिबीतील मुलांना खेळायला जागा, साधने आणि वेळ मिळत नाही याकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. ज्या मुलाला धावायला मोकळे मैदान नाही, त्याला एक दिवस मनसोक्त खेळायला मिळाले, तर त्या आनंदाला दुसऱ्या कोणत्याही समर्थनाची गरज नाही.

शिवाय सुट्टी सर्वांना असते, हे गृहीतकच चुकीचे आहे. रोजंदारीवरील, घरकाम करणाऱ्या किंवा रात्रपाळीच्या आईला नेमके सणाच्या दिवसांत जास्त काम असते, आणि त्यातून मिळालेल्या चार तासांत तिने मेळावा सांभाळावा अशी अपेक्षा आपण तिच्या सन्मानाच्या नावाखाली करायची का? मुले सुरक्षित हातांत आहेत या भरवशावर तिला थोडी झोप मिळाली, तर मला तीही त्या मेळाव्याची मोठी देणगी वाटते.

प्रतिसाद 2

अशा मेळाव्यांत मी स्वयंसेवक म्हणून अनेकदा काम केले आहे. मानाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी वस्तीतील माणसांशिवाय मेळावा नीट चालत नाही. प्रवेशद्वारावर नावे लिहून घेणाऱ्याला कोणते मूल कोणाचे आहे हे ठाऊक नसते आणि सायंकाळी 'मी याचा काका आहे' असे सांगणाऱ्याच्या हाती मूल सोपवायचे की नाही, हे तो ठरवू शकत नाही; तिथे शेजारची आजी बसलेली असली, तर तिला एका नजरेत समजते. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलासोबत एकट्याने आडोशाला जाऊ नये, हा नियमही वस्तीतील डोळे सोबत असले तरच खऱ्या अर्थाने पाळला जातो.

मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी दिवसभर कडेलाच उभी राहते. खेळ तिच्या वयाचे असतात, भेटही तिच्या नावाची असते, पण हात रिकामे नसल्यामुळे ती खेळू शकत नाही. लहानग्यांसाठी स्वतंत्र कोपरा आणि तिथे दोन-तीन ओळखीच्या बायका एवढी सोय केली, तरी अशा मुली खेळात उतरतात. वाटपाच्या कामाला स्वयंसेवक सहज मिळतात, परंतु या कोपऱ्यात बसायला कोणी उत्सुक नसते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

पालकांनी भेट निवडण्याच्या सूचनेला मात्र एक अडचण आहे. नोंद नसलेली मुले हमखास येतात, आणि त्यांच्यासाठी जास्तीच्या वस्तू बाजूला ठेवल्या नसतील, तर रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुलासाठी तो मेळावा नसता झाला तर बरे, अशी स्थिती होते.

प्रतिसाद 3

एवढा खर्च आणि मनुष्यबळ अभ्यासिकेवर लावावे. एका दिवसाच्या मेळाव्याने मुलांच्या आयुष्यात काहीही बदलत नाही.

प्रतिसाद 1 (पुन्हा)

अभ्यासिका हवीच, परंतु आपण स्वतःच्या मुलांचे वाढदिवस साजरे करताना त्यातून काय बदलणार असा प्रश्न विचारत नाही, मग तो केवळ या मुलांनाच का विचारावा?

धागाकर्ता

प्रतिसाद 3 ला वरील उत्तर पुरेसे आहे. कामाच्या ओझ्याबद्दल सांगायचे तर यजमानपद म्हणजे राबणे असा माझा अर्थ नाही. तारीख, वेळ, खेळ आणि वाटपाची रीत ठरवण्याचा अधिकार पालकांचा असावा, आणि मांडामांड, भांडी, साफसफाई स्वयंसेवकांनी करावी. रात्रपाळीच्या आईला न विचारता सकाळची वेळ ठरवली जाते, तेव्हाच तिची झोप मोडते. प्रतिसाद 1 मध्ये आलेल्या बालहक्क संहितेचेच कलम 12 मुलांना स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देते, त्यामुळे खेळ निवडताना मुलांनाही विचारले पाहिजे.

छायाचित्रांविषयी मात्र मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही. कलम 16 मुलाच्या खासगीपणाचे रक्षण करते, आणि भेटवस्तू हातात धरलेल्या मुलाचा चेहरा 'गरीब वस्तीतील मूल' या ओळखीसह सर्वत्र पसरवणे हा त्याचा भंग आहे, असे मी मानतो. देणगीदारांना हिशेब हवा असेल, तर खर्चाचा तपशील द्यावा. नोंद नसलेल्या मुलांसाठी प्रतिसाद 2 मध्ये सुचवलेला जास्तीचा साठा ठेवावा, आणि तो कोणाला द्यायचा हे प्रवेशद्वारावर बसलेल्या त्या आजींनीच ठरवावे.