पार्किंगमधली लाल खुर्ची

सेक्रेटरी, ७:१०: नमस्कार. कालच्या वादळात मागचा निंब निम्मा पडलाय, लाईटही गेलीये. वायरमनला तीनदा फोन केला, 'येतो' म्हणाला. गेटजवळच्या फांद्या तोडायला कुऱ्हाड कोणाकडे आहे?

बी-३०१, ७:१४: कुऱ्हाडीचं नंतर बघू. बी विंगसमोर एवढीच जागा मोकळी झालीये आणि तिथे कोणीतरी लाल खुर्ची ठेवून पार्किंग अडवलंय. हे कुठलं शास्त्र?

नाना (ए-१०२), ७:२२: भो, हे शास्त्र बॉस्टनचं 😄 २०१५ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे होतो. त्या मोसमात मोजून १०८.६ इंच बर्फ पडला, म्हणजे नऊ फूट. रस्त्यावरची गाडी उकरून काढायची म्हणजे दोन-दोन तास फावडं मारायचं. एवढं करून कामावर गेलं आणि जागा दुसऱ्याने घेतली तर? म्हणून लोक तिथे खुर्ची ठेवतात. नाहीतर कचऱ्याचा डबा, इस्त्रीचं टेबल, हाताला लागेल ते. महापालिका हे चालवून घेते, पण बर्फाची आणीबाणी (मोठ्या बर्फात पालिका जाहीर करते ती) उठल्यावर ४८ तासच. साउथ एंड भागात तेवढंही नाही.

बी-३०१, ७:२४: आमच्याकडे ४८ तास नाही, ४८ वर्षं चालेल 🙏

सी-२०४ ताई, ७:२६: नाना, पण मग बर्फ काढतं कोण? सगळा पालिकाच?

नाना, ७:३५: नाही. रस्ता पालिकेचा, दारासमोरचा फूटपाथ घरमालकाचा. बर्फ थांबला की तीन तासांत साफ करायचा, रात्री थांबला तर सूर्य उगवल्यापासून तीन तास. रुंदीसुद्धा ठरलेली, ४२ इंच. व्हीलचेअर, बाबागाडी निघाली पाहिजे. आणि आपला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही, दंड होतो. (आपल्याकडे फांदी ढकलून शेजारच्या प्लॉटसमोर नेली की काम झालं!) आणीबाणी लागली की मुख्य रस्त्यांवरच्या गाड्या काढायच्या, नाहीतर उचलून नेतात. पण गाडी न्यायची कुठे, याचीही सोय असते. ठरलेल्या पार्किंग इमारतींत रहिवाशांना कमी दर. मला हे फार पटलं.

ए-४०३ (बारावी), ७:३८: नाना, रस्त्यावर मीठ का टाकतात?

नाना, ७:४१: पॉटच्या आइस्क्रीमला बर्फात जाडं मीठ का घालतो? तेच. मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, त्याच्याही खाली जावं लागतं. फार कडाका पडला तर मग मीठही हात टेकतं.

काकू (ए-१०२), ७:४४: आणि काढलेला बर्फ मैदानात नेऊन टाकतात, ते सांगा की. त्या वर्षीचा एक ढीग १४ जुलैला संपला. आम्ही तोवर जळगावला परत येऊन लोणचंही घातलं होतं.

सेक्रेटरी, ७:४६: काकू 😂 पण कुऱ्हाड?

सी-१०१, ७:४८: माझ्याकडे कोयता आहे. जनरेटरही आणलाय भाड्याने, जिन्याखाली लावतोय, मोटार तरी चालेल.

नाना, ७:४९: जिन्याखाली नको!! धूर आत कोंडेल, आधी बाहेर काढ. तिथे बर्फात हीच भीती असते. हीटरचं धुराडं नाहीतर गाडीचा सायलेन्सर बर्फाखाली बुजतो आणि विषारी वायू आत साचतो. त्याला वासही नसतो. बर्फ थांबला की धुराडं, सायलेन्सर मोकळा करा, आगीच्या बंबाचा नळ उकरून ठेवा, शेजारच्या म्हाताऱ्यांना हाक मारून या, हे बजावून सांगतात.

सी-१०१, ७:५३: काढला नाना. भिंतीबाहेर ठेवला.

सी-२०४ ताई, ७:५५: म्हाताऱ्यांवरून आठवलं. बी-२०२ च्या आजींना वाफेचं मशीन लागतं ना? लिफ्टही बंद आहे.

ए-४०३, ७:५६: आमच्या इन्व्हर्टरला अजून चार्ज आहे. मशीन इकडे आणतो, आजींना धरून आणू.

बी-२०२, ८:०१: आजी वर नाहीत रे. रात्रभर घरात उकडत होतं, पहाटेच खाली वाऱ्याला जाऊन बसल्या. ती लाल खुर्ची त्यांचीच. आत्ता चहाला सी-१०१ कडे गेल्यात.

बी-३०१, ८:०२: 🙈 राहू द्या खुर्ची. मी गाडी बाहेर लावतो आणि कोयत्याला येतो.

सी-१०१, ८:०३: आजी विचारतात, लाईट उनी (आली) का?

सेक्रेटरी, ८:०९: उनी!!

ए-४०३, ८:०९: गयी.