".*" एका ओळीत दोन अवतरणं आली की फसतं

भाऊ, अवतरणचिन्हांतला मजकूर काढायला तुम्ही वर सुचवलेलं रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) ".*" या ओळीवर चालवून बघा: "सीताबर्डी" ते "इतवारी". पहिल्या चिन्हापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच घासात गिळतं. ".*?" ने भागतं, पण मला "[^"]*" जास्त आवडतं. ते मजकूर पुढच्या ओळीवर गेला तरी चालतं, टिंब सहसा नवी ओळ ओलांडत नाही.

खरी गंमत एस्केपची, म्हणजे आतल्या अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश (\) लावण्याची. "तो म्हणाला, \"चल बे\"" यात ".*?" आणि "[^"]*" दोन्ही तुटतात. तिथे हे लागतं:

"(?:[^"\\]|\\.)*"

पायथॉनमध्ये रॉ स्ट्रिंगमध्ये (r'...', यात बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो) लिहा, नाहीतर बॅकस्लॅश मोजता मोजता संत्र्याचा मोसम निघून जाईल.

अख्ख्या पायथॉन कोड फाइलमधून स्ट्रिंग (अवतरणातले मजकूर) काढायच्या असतील तर मात्र रेजेक्स नकोच. कॉमेंटमधलं एक सुटं अवतरणचिन्ह पुढचे सगळे जोड बिघडवतं. कोडचे तुकडे ओळखून वेगळे करणारं पायथॉनचं टोकनाइझ मॉड्यूल वापरा.