गर्डर भिंतीत बसवलेत, स्लॅब घालायच्या आधी नेमकं काय काय बघायचं?

शहापूरकर_बेळगाव:
नमस्कार मंडळी, आमचं शहापुरातलं जुनं घर, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर एक मजला चढवूलालोय. १४ फुटाचे आयबीम (लोखंडी गर्डर) साधारण चार-चार फुटावर टाकलेत, दोन्ही टोकं भिंतीत खाचा मारून बसवलीत आणि त्यावर डेक शीट (स्लॅबखालचा नालीदार पत्रा) घालून ४ इंच काँक्रीट होणार. आज वर चढून बघितलं तर काही टोकांखाली विटेचे तुकडे आणि पट्टीचे कटपीस कोंबलेत, मिस्त्री म्हणतोय काँक्रीट पडलं की सगळं एकजीव होतंय. परवा डेक शीट येणार. माझ्या मनाला पटेना, तुम्ही काय म्हणता?

साईट_इंजिनियर_खानापूर:
दादा डेक शीट थांबवा आधी. हिशोब बघा की, ४ इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला २५० किलो, राहत्या घराचा वापराचा भार २०० किलो धरतात, फरशी-गिलावा आणखी शंभरभर, एका गर्डरवर १४ बाय ४ फुटाच्या पट्ट्याचा भार, त्यातला निम्मा म्हणजे दीड टनाच्या आसपास एका टोकावर येतंय आणि ते सगळं विटेच्या एका तुकड्यावर! तुकडा चुरला की गर्डर खाली बसणार आणि वरच्या स्लॅबला तडा. वरून काँक्रीट पडलं म्हणून टोकाखालची पोकळी भरत नाही. हॅक्सॉ ब्लेड घ्या आणि प्रत्येक टोकाखाली सरकवून बघा, आत जात असेल तर तिथं गर्डर टेकलेलाच नाही. आणि गर्डर भिंतीवर किती आत गेलाय ते टेपनं मोजा, नुसता दोन-तीन इंच असेल तर चालणार नाही, सहा-आठ इंच तरी पाहिजे.

मला जास्त काळजी भिंतीची आहे. जुन्या घरात चिरा मातीत बांधलेला असतो, खाचेतलं थोडं खरवडून बघा माती निघते का. निघाली तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला साईटवर आणा, फोनवर विचारून भागणार नाही. खाचेखाली खिडकी येते का, उभी चीर आहे का, ओळंबा लावून भिंत सरळ आहे का, हे पण बघून ठेवा.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. दुरुस्ती करायची तर गर्डरला मजबूत टेकू देऊन जरा उचलून धरायचं, तुकडे काढायचे, खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक (टोक टेकायला ठोकळा) घालायचा, त्याला सात दिवस पाणी मारायचं, मग जाड प्लेट आणि फट राहिली तर नॉन-श्रिंक ग्राऊट (वाळल्यावर न आकसणारा मसाला) भरायचा. टेकू तोवर काढू देऊ नका, काम लवकर उरकायला हेच आधी काढतात. जिथं गर्डरला गर्डर जोडलाय तिथलं वेल्डिंग, वरची स्लॅग (वेल्डिंगवर धरलेली खपली) झाडून बघा, नुसते टाके मारून ठेवले असतील तर ते जागेवर धरायपुरते असतात, भार घेत नाहीत. भिंतीत जाणाऱ्या टोकाला झिंक प्रायमर दोन हात मारा, चिरा पावसात पाणी ओढतो आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

शहापूरकर_बेळगाव:
लई धन्यवाद. ब्लेड लावून बघितलं, रस्त्याकडच्या भिंतीत तीन टोकांखाली आरपार गेलं ओ, आणि एका खाचेतून खरंच माती निघाली. डेक शीटवाल्याला फोन करून थांबवलंय. आता वर सिमेंटच्या पोती आणि विटा रचून ठेवल्यात, त्या राहू देऊ का?

साईट_इंजिनियर_खानापूर:
आजच उतरवा. ४० पोती जरी असली तरी दोन टन होतंय, आणि त्या रस्त्याकडच्या भिंतीजवळच्या आधी. माणसं खाली उभी करू नका उतरवताना.