चार दिवसांनी नळ, आणि सुट्टीला क्रूझ

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

आमच्या अपार्टमेंटची भिशी आहे. त्यातून वर्षाला एक सहल निघते. आजवर गाणगापूर, महाबळेश्वर, एकदा हंपी झालं. यंदा ठरलंय मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ. माझा विरोध आहे, आणि तो फक्त आमच्या इमारतीपुरता नाही म्हणून इथे लिहितोय.

आपण भीमेच्या खालच्या अंगाला राहणारी माणसं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, भीमेतून उजनीत आणि उजनीतून आपल्या नळात, तेही चार-पाच दिवसांनी एकदा. पुणेकर घाण करतात आणि आम्ही पितो, अशी बोंब आपण वर्षानुवर्षं मारतोय. आता आपणच पैसे मोजून वरच्या अंगाला जाऊन बसणार. खालच्या अंगाला असतील लक्षद्वीपची प्रवाळं आणि तिथले मासेमार. ते काही सोलापूर महापालिकेवर मोर्चा आणू शकत नाहीत.

क्रूझ जहाज म्हणजे एक अख्खी वस्ती असते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर प्रवासी आणि कर्मचारी धरून दहा हजारांच्या जवळपास माणसं मावतात. त्यांच्यासाठी एसी, पोहण्याचे तलाव, धोबीखाना, रात्रंदिवस चालणारी स्वयंपाकघरं. मुंबईची जहाजं याच्या पासंगालाही पुरणार नाहीत, मान्य. पण सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने क्रूझ भारत मिशन सुरू केलं, त्यात २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे आहेत. युरोपातल्या एका पर्यावरण संस्थेने २०१७ चे आकडे तपासले होते. एकाच कंपनीच्या ४७ जहाजांनी युरोपच्या किनाऱ्यावर सोडलेली गंधकाची ऑक्साइडं तिथल्या सगळ्या मोटारींच्या दसपट निघाली.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. सहल का, तर "निवांत बोलणं होत नाही". रोज एका लिफ्टमधून खाली उतरणाऱ्या माणसांना बोलायला अरबी समुद्र लागतो? कधी काळी हे शहर मिलच्या भोंग्यावर चालायचं. पाळी सुटली की चहाच्या टपरीवर माणसं भेटत, रात्री गल्लीच्या कट्ट्यावर. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद झाल्या. पोरं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. उरलेले आपण विजापूर रोडला नि जुळे सोलापुरात दारं लावून बसलोय. जॉर्ज झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये लिहून ठेवलंय की शहरी माणूस अलिप्त होतो तो स्वतःला वाचवायला, कारण डोक्यावर आदळणारं फार असतं. तो बर्लिनबद्दल बोलत होता. आपल्याकडे बर्लिनची गर्दी नाही, पण अलिप्तपणा मात्र पुरेपूर आला.

---

पूर्वभागातली

काका, कट्टा कुणाचा होता? आमच्या गल्लीत कट्ट्यावर बाया बसलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. बाया आत होत्या, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत. मजुरी हजारावर, म्हणून हजार भरेपर्यंत मान वर नाही. त्याच खोलीत माग, त्याच खोलीत चूल, तिथंच आजारी आजोबा. मागाचा खडखडाट बंद झाला की उलट झोप लागायची नाही.

आणि ज्या 'आपुलकी'ची तुम्हाला आठवण येते ना, तिचा दुसरा अर्थ असा की मी कॉलेजहून कुणाबरोबर आले, किती वाजता आले, तेलुगूत बोलले की मराठीत, हे चौकभर माहीत. आता विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये शेजारचे माझं नाव विचारत नाहीत. मला ते चालतं. मला दार लावायला आवडतं. शहराने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि त्याला एकटेपणाचा आजार ठरवणारे बहुतेक पुरुषच असतात.

क्रूझवर मी आईला नेलं होतं. पर्यावरणाची शिकवणी लावायला मी तयार आहे, पण फी सगळ्यांना सारखी लावा. ज्यांनी विमानानं दुबई-सिंगापूर उरकून घेतलं त्यांना सूट का?

---

कडकभाकरी

काय बोलूलालाव बे सगळे. दुष्काळात जन्मलेल्या माणसाला चार दिवस चारी बाजूंनी पाणी बघू द्या की! समुद्रातल्या धुराची काळजी करणाऱ्यांनी आधी फताटेवाडीकडं बघावं. एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच, कोळशावर. पाणी कुठलं? उजनीचं. त्या विजेवर एसी लावून क्रूझला नावं ठेवायची.

आणि आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात तेव्हा चंद्रभागेचं काय होतं? तिथं बोला की. तिथं तोंड शिवतं सगळ्यांचं.

---

जुळे सोलापूरकर

@पूर्वभागातली: विड्या आणि मागाचं तुम्ही लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि देणारही नाही. पण दार लावायचं स्वातंत्र्य वेगळं आणि शेजारचा आजारी पडला तर आठवडाभर पत्ता नसणं वेगळं. पहिलं टिकवून दुसरं टाळता येत नाही, असं मला वाटत नाही.

@कडकभाकरी: वारीची तुलना लंगडी आहे. वारकरी पंढरपुरात राहतो, जेवतो, प्रसादाच्या पेढ्यापासून बांगडीपर्यंत खरेदी तिथंच करतो. चंद्रभागेची अवस्था वाईट आहे, त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. क्रूझचा प्रवासी जहाजावर जेवतो, जहाजावर झोपतो, काही तासांसाठी उतरतो, फोटो काढतो, गर्दी करतो आणि परत जहाजावर. व्हेनिसचे लोक चिडले ते यावरही. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना तिथल्या ज्युडेका कालव्यात बंदी आली. अलास्कातल्या जूनो गावाने २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त ५ मोठी जहाजं असं ठरवून घेतलं. पर्यटनावर पोट असलेली गावं हात जोडून 'पुरे' म्हणतायत, आणि आपल्याकडे दुप्पट करायचं चाललंय.

---

इंजिनरूम

मूळचा मोहोळचा, जहाजांवर इंजिनीअर. (हो, मोहोळात समुद्र नाही. तरी आमच्या भागातली बरीच पोरं या लाईनला आहेत.) थोडं तांत्रिक लिहितो, कारण वर दोन्ही बाजूंनी अंदाजपंचे चाललंय.

मैल्याबद्दल आंतरराष्ट्रीय नियम आहेत. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. दळून निर्जंतुक केलेला ३ मैलांपलीकडे चालतो. मान्यताप्राप्त यंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्याला अंतराची अट नाही. आपल्या किती नगरपालिका एवढं तरी पाळतात, ते तुम्हीच सांगा. खरी पळवाट दुसरीकडे आहे: अंघोळीचं, बेसिनचं, धोबीखान्याचं पाणी. प्रवासी जहाजावर मैल्याच्या कितीतरी पट ते असतं, आणि त्यावर जगभर लागू असा नियमच नाही. अलास्कासारख्या ठिकाणी स्थानिक कायदा आहे म्हणून तिथे पाळतात.

गंधकाची तुलना जुनी आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. तिथेही मेख आहे. काही जहाजं जुनंच जाड तेल जाळतात आणि धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. त्याला स्क्रबर म्हणतात. हवा स्वच्छ होते, आम्लयुक्त पाणी मात्र समुद्रात जातं. सिंगापूरने आपल्या बंदरात ते सोडायला बंदी घातली आहे.

चोरी होते का? होते. २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेसला अमेरिकेत ४ कोटी डॉलर दंड झाला. तेलकट पाणी यंत्राला वळसा घालून लपवलेल्या पाइपमधून समुद्रात सोडत होते. ते उघडकीला आणलं जहाजावर नव्याने लागलेल्या एका इंजिनीअरने, आणि त्याने नोकरी सोडली. आमच्या लाईनमध्ये हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटचं. सोलापूरचे टॉवेल कंटेनरमधून परदेशी जातात तेही जहाजानेच. जहाज बंद करा म्हणणाऱ्याने आधी एमआयडीसीत जाऊन बोलावं.

---

जुळे सोलापूरकर

@इंजिनरूम: माहितीबद्दल आभार, पण तुमच्याच आकड्याने माझा मुद्दा पक्का होतो. ०.५ टक्के म्हणजे ५,००० पीपीएम, दहा लाख भागांत ५,०००. आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेलला मर्यादा १० पीपीएमची. रिक्षावाल्याच्या पीयूसीवरून पोलीस अडवतो आणि इथे पाचशेपट गंधक नियमात बसतं! आणि टॉवेलचं जहाज नि डान्स फ्लोअरचं जहाज एका पंगतीला कसं बसवता? एक माल पोचवायला जातं. दुसरं गोल फिरून निघाल्या जागी परत येतं.

---

इंजिनरूम

गोल फिरणारं म्हणून वाईट, तर मग महाबळेश्वरला जाऊन आलात ते काय होतं? सुट्टी गोलच असते, साहेब. ५,००० चं गणित बरोबर आहे, पण जहाज चौकात उभं नसतं, तो धूर बराचसा खुल्या समुद्रावर निघतो. बंदरात उभं असतं तेव्हा मात्र लोकांच्या नाकाशी येतो. त्यासाठी किनाऱ्यावरून वीज द्यायची सोय लागते, मग इंजिन बंद ठेवता येतं. मुंबईत बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनल झालंय. तिथे आग्रह धरायचा तर याचा धरा. घरी बसून पाप-पुण्य वाटण्यापेक्षा ते बरं.

---

निवृत्त_शिक्षिका

जुळे सोलापूरकर, तुम्ही बी विंगचे ना? हंपीवरून ओळखलं. आमच्याच भिशीचं चाललंय हे. मीटिंगला तुम्ही खुर्चीत बसून मोबाइल बघत होतात आणि "बहुमत होईल ते" म्हणालात. हे सगळं तिथं बोलला असतात तर आम्ही ऐकलं असतं.

आता माझं ऐका. क्रूझचं नाव मीच सुचवलं. मुलगा हिंजवडीत, सून तिथंच, नातवाची शाळा तिथली. दिवाळीला येतात, भाऊबीज झाली की निघतात, त्यांची चूक नाही. महाबळेश्वरला गेलं की काय होतं माहीत आहे का? जोडपी पॉइंट बघायला जातात आणि आम्ही तीन विधवा बाया गुडघ्यांमुळे हॉटेलच्या लॉबीत. जहाजावर चढ नाही, बस नाही, लिफ्ट आहे, आणि सगळे त्याच डेकवर असतात. कुणी पळून जाऊ शकत नाही. एवढाच हिशेब आहे माझा. प्रवाळांवर माझा राग नाही.

इमारतीत माणसं भेटत नाहीत म्हणता. पाण्याच्या दिवशी या खाली. पहाटे कॉक कोणी उघडायचा, टाकी कुणाची भरली, टँकर कुणी मागवला यावरून जेवढं बोलणं होतं तेवढं गणपतीतही होत नाही. बहुतेकदा बायका असतात, तुम्ही झोपलेले असता.

---

पूर्वभागातली

बाई, दंडवत! तरी एक राहून राहून वाटतं. गुडघ्यांना सोसेल अशी जागा शहरात नाही, म्हणून जहाज. सिद्धेश्वर तलावाच्या कडेला सलग बसता येईल, सावली असेल, स्वच्छतागृह असेल, अशी सोय रोजच्यासाठी हवी. गड्ड्याच्या जत्रेपुरती नको. माझा काकांना विरोध कायम आहे, पण हा खर्च शहराने करायचा असतो, भिशीने नाही.

---

कडकभाकरी

+१. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत नाव होतं आपलं, २०१६ ला. बसायला बाकडं शोधूलालोय अजून.

---

जुळे सोलापूरकर

बाई, ओळखलंत ते बरं केलंत. मीटिंगमध्ये बोललो असतो तर 'हे सगळ्याला विरोध करतात' झालं असतं, म्हणून गप्प बसलो. तीन जणींच्या लॉबीचं मला माहीत नव्हतं, कुणी सांगितलंही नाही. क्रूझला माझं 'नाही' कायम आहे, वर्गणी देईन, येणार नाही. पण पुढच्या वेळी चढ नसलेलं ठिकाण शोधायचं काम माझ्याकडे द्या. हंपीतली दगडी चढण मीच सुचवली होती, हेही तुम्ही आता काढणार, माहीत आहे.

---

भीमाकाठ

करमाळा तालुका. धरणात गेलेल्या गावांपैकी एक आमचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला आता शहरातून गाड्या येतात.

तुम्ही सगळे लक्षद्वीपवर भांडताय, इकडं उजनीतच जलपर्यटन आणायचं घाटतंय. बोटिंग, हाऊसबोट, रिसॉर्ट. काठावरच्या पोरांना काम मिळेल म्हणून आम्हाला ते हवंसुद्धा आहे. भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक येतात तेव्हा नावाड्यांचं घर चालतं, हे डोळ्यासमोर आहे. पण आमची रोजची ये-जा अजून साध्या लाँचमधून. मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, ६ जण गेले. आधी लाइफ जॅकेट, मग हाऊसबोट, असा क्रम कुणी लावेल का?

इंजिनरूम यांना एक विचारतो. समुद्रात १२ मैल तरी आहेत. उजनीत कुठल्याही काठापासून १२ मैल लांब जायला जागा नाही. ११७ टीएमसीचं धरण म्हणतात, पण त्यातलं ६३ मृतसाठा, आणि उन्हाळ्यात तुम्ही तोच पिता. केरळात वेंबनाड सरोवराला हाऊसबोटींच्या मैल्याने काय केलंय ते तिकडचे मासेमार सांगतात. इथं बोटींच्या टाक्या कुठं उपसायच्या, कुणी मोजायच्या, काठावर प्रक्रियेचं यंत्र आधी बसणार की उद्घाटन आधी, हे आराखड्यात लिहून घ्यायला सोलापुरातून कोण येतंय? आमच्या ग्रामपंचायतीत आम्ही ठराव घेतोय. महापालिकेचा एक नगरसेवक जरी पत्र घेऊन आला तरी चालेल, पाणी तुमच्याकडंच जायचंय.