‘गेट बॅक ॲट’ला सूड म्हणावं का?

प्रश्न: ‘शी सेड दॅट जस्ट टू गेट बॅक ॲट हिम’ या वाक्यात ‘सूड उगवणे’ चालेल का?

माझ्या मते नको. सूड म्हटलं की खून, भाऊबंदकी, पिढीजात वैर डोळ्यांसमोर येतं. ‘गेट बॅक ॲट’ सहसा एवढ्या थराला जात नाही. चारचौघांत कुणी पाणउतारा केला, कुणी जाणूनबुजून डावललं, की माणूस डूख धरतो आणि संधी मिळताच समोरच्याला झोंबेल असं काही बोलतो किंवा करतो. यासाठी आपल्याकडे ‘उट्टं काढणे’ हा अगदी चपखल प्रयोग आहे.

खरी अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजीत ‘ॲट’नंतर माणूस येतो आणि कारण सांगायचंच असेल तर ते पुढे ‘फॉर’ लावून येतं. मराठीत उट्टं किंवा वचपा बहुतेकदा घटनेचा काढतात. २४ जून २०२४ रोजी सेंट लुसियात भारताने टी-२० विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला २४ धावांनी हरवलं, तेव्हा आपण म्हणालो, ‘अहमदाबादच्या पराभवाचा वचपा काढला.’ वचपा पराभवाचा, ऑस्ट्रेलियाचा नव्हे. इंग्रजीत मात्र ‘गेट बॅक ॲट द डिफीट’ म्हणता येत नाही. तिथे ‘अव्हेंज’ लागतं.

म्हणून वरच्या वाक्याचं भाषांतर करताना मागचा मजकूर वाचायलाच हवा. त्याने तिला आधी टोमणा मारला असेल, तर ‘त्या टोमण्याचं उट्टं काढायलाच ती तसं बोलली’ हे अस्सल मराठी होईल. कारण कुठेच सापडलं नाही, तर ‘त्याला झोंबावं म्हणूनच ती तसं बोलली’ असं लिहावं. कारण मनाने घालू नये.

‘हिट बॅक’ वेगळं. त्यात डूख नाही, वाट पाहणं नाही; टीका झाली की उघडपणे, बहुधा लगेच उत्तर. बातमीत त्याला ‘प्रत्युत्तर’ पुरतं, दर वेळी ‘पलटवार’ कशाला? ‘गेट ईव्हन’ला मात्र ‘फिट्टंफाट करणे’ छान शोभतं, कारण दोन्हींत बरोबरी साधल्याचा भाव आहे.

आणि ऑफिसच्या ई-मेलमध्ये जपा: ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे नंतर कळवतो. ‘टू’च्या जागी ‘ॲट’ पडलं, तर ती सरळ धमकी होते.